‘तज्ज्ञ’, ‘सामान्यज्ञ’ आणि ‘सनदी अधिकारी’

प्रश्न : शासनात निर्णयाचा अधिकार तज्ज्ञांकडे असावा की सनदी अधिकाऱ्यांकडे, असा वाद वृत्तपत्रांत नेहमी वाचायला मिळतो. हे दोन शब्द खरोखरच एकमेकांच्या विरुद्ध अर्थाचे आहेत का? ‘जनरॅलिस्ट’साठी, म्हणजे एकाच विषयात न अडकता कोणत्याही खात्याचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, मराठीत कोणता शब्द वापरावा?

उत्तर : ही जोडी अर्थाच्या दृष्टीने जुळत नाही. ‘सनद’ म्हणजे अधिकारपत्र. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या वरच्या श्रेणीतील नोकरांना कंपनीशी लेखी करार करावा लागत असे. त्या करारबद्ध सेवेतील माणसे ‘सनदी नोकर’ ठरली आणि पुढे ब्रिटिश काळातील आयसीएस व स्वातंत्र्यानंतरच्या आयएएस अधिकाऱ्यांनाही तेच विशेषण चिकटले. म्हणजे ‘सनदी’वरून सेवेचा प्रकार समजतो, ज्ञानाचा नाही. गंमत अशी की ‘सनदी लेखापाल’ या नावात हेच विशेषण एका अस्सल विशेषज्ञाला लागते.

‘तज्ज्ञ’ म्हणजे तत् + ज्ञ, ‘ते जाणणारा’ (म्हणूनच त्यात ‘ज’ दोनदा येतो, ‘तज्ञ’ हे लेखन चुकीचे आहे). यातले ‘ते’ कोणते, हे संदर्भाने किंवा समासाने सांगावे लागते : जलतज्ज्ञ, अर्थतज्ज्ञ. नुसते ‘तज्ज्ञांचे मत’ म्हटले की ते ‘ते’ रिकामे राहते, आणि जिल्ह्यात व मंत्रालयात तीस वर्षे काढलेला अधिकारी स्वतःला प्रशासनाचा तज्ज्ञ म्हणवू लागला, तर भाषेच्या आधारे त्याला अडवता येणार नाही. विरोधच दाखवायचा असेल तर ‘विशेषज्ञ’ आणि ‘सामान्यज्ञ’ ही लोकप्रशासनाच्या अभ्यासकांची जोडी अधिक नेमकी आहे.

पुरवणी : ‘सामान्यज्ञ’ या शब्दात कमीपणा आहे, असा आक्षेप येईल. परंतु वैशेषिक दर्शनात (भारतीय तत्त्वज्ञानाच्या एका शाखेत) ‘सामान्य’ म्हणजे अनेकांत समान असणारा गुणधर्म होय. अर्थसंकल्प, सेवानियम, विधिमंडळातील प्रश्नांना द्यायची उत्तरे अशा, सर्व खात्यांत समान असणाऱ्या गोष्टी ज्याला कळतात तो सामान्यज्ञ, असा अर्थ घेतला तर शब्द चोख बसतो. ब्रिटनमधील सनदी सेवेची पाहणी करणाऱ्या फुल्टन समितीने १९६८ मध्ये जी टीका केली तिच्यात ‘हौशी’ आणि ‘जनरॅलिस्ट’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले होते. तरी हौशी आणि सामान्यज्ञ हे एकच, असे मानण्याची घाई आपण करू नये.

‘सचिव विरुद्ध तज्ज्ञ’ ही मांडणी तर मुळीच टिकत नाही. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा १९५४ पासून अणुऊर्जा विभागाचे सचिव होते. केंद्रीय जलसंपदा सचिवपदी पोहोचलेले माधवराव चितळे हे अभियंते होते. ‘सचिव’ हे पद आहे, आणि त्या पदावर विशेषज्ञ किंवा सामान्यज्ञ, कोणीही बसू शकतो. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात मंत्र्याला ‘धीसचिव’ म्हटले असून इतरांना ‘कर्मसचिव’ म्हटले आहे : पहिला बुद्धीने साहाय्य करणारा, दुसरा कामात. आपल्याला नुसते धीसचिव करून ठेवले आहे, सल्ला आपला आणि सही दुसऱ्याची, अशी आजच्या विशेषज्ञाची तक्रार असते. अमरकोशात मात्र मंत्र्याचा मान या धीसचिवाकडेच आहे.