ट्रेकचे फोटो गॅलरीत टाकताना बारीक करायचे की मूळ साइझचेच ठेवायचे?

गडवाटा: हरिश्चंद्रगडाचे ६० फोटो ग्रुपच्या साइटवर जसेच्या तसे चढवलेत, एकेक ८ एमबीचा, म्हणजे झाले ४८० एमबी. गडाच्या पायथ्याच्या पाचनईत ज्या मावशींकडे आपण पिठलं-भाकरी खाल्ली त्यांच्या मुलानं लिंक उघडली, चौथ्या फोटोवरच चक्र फिरत राहिलं आणि मावशी चुलीपाशी भाकरी थापतायत तो फोटो सतरावा. माझं म्हणणं, लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेग क्वालिटी १०० पैकी ८०, फोटो अर्ध्या एमबीच्या आसपास येतो. फोनवर फरक कळत नाही.

सह्यभटका: साफ चूक. ६००० बाय ४००० चा फोटो २०४८ वर आणला की २४ मेगापिक्सेलचे तीनसुद्धा उरत नाहीत. देवळातल्या शिलालेखावर तिरपा उजेड यावा म्हणून मी पहाटेपासून बसून होतो, ती अक्षरं झूम केल्याशिवाय वाचताच येत नाहीत. आणि क्वालिटी ८० वर भगव्याची कड बघा जरा! निळ्या आभाळावर भगवा फिसकटलेला दिसतो, मला ते बघवत नाही.

गडवाटा: कड फिसकटते ती क्वालिटीच्या आकड्यापेक्षा ४:२:० मुळे, ही जेपेगची जागा वाचवायची पद्धत, त्यात रंगाची माहिती उभी-आडवी निम्मीच ठेवतात. तेवढा फोटो ४:४:४ ने, म्हणजे रंगाची माहिती पूर्ण ठेवून, एक्स्पोर्ट करा, साइझ थोडी वाढेल, वाढू दे. शिलालेखाखाली मूळ फाईलची वेगळी लिंक द्या, ज्याला वाचायचंय तो उतरवून घेईल. बाकीच्या ५० जणांनी का ताटकळायचं?

रानफूल: साइझवरून भांडताय पण रंगाचं कोणीच बोलत नाही. कॅमेरा अडोबी आरजीबी या मोठ्या रंगपट्टीवर होता, एक्स्पोर्ट करताना ती पट्टी कोणती हे सांगणारं प्रोफाइल गळलं आणि कारवीची जांभळी फुलं फिकी दिसतायत. आधी एसआरजीबीत, म्हणजे वेबच्या नेहमीच्या रंगपट्टीत बदला, मग लहान करा आणि शार्पनिंग (कडा ठळक करणं) सगळ्यात शेवटी. ७२ डीपीआय (इंचामागे ठिपके) करत बसू नका, स्क्रीनवर त्याचा काही संबंध नाही, पिक्सेलच मोजले जातात. आणि कंदीलपुष्पाच्या फोटोतलं जीपीएस, म्हणजे फोटो कुठे काढला ती नोंद, आजच्या आज काढा, हात जोडून सांगते. त्याचे कंद लोक उकरून नेतात, आपण आयता पत्ता देतोय.

सह्यभटका: फुलांचं जीपीएस काढा, मान्य. पण वीरगळांचं, वीरांच्या स्मारकशिळांचं, ठेवा, रानात पडलेला दगड पुढच्या माणसाला सापडायला हवा. आणि मूळ फाईल लिंकमागे लपवली की कोणी उघडत नाही, हे मी तीन वर्षं बघतोय. शिलालेखाचे ६ फोटो गॅलरीत मोठेच राहणार.

गडवाटा: राहू देत, पण शेवटी टाका, आणि स्क्रोल करत तिथवर आल्याशिवाय ते लोड होणार नाहीत असं सेटिंग करा. उरलेले ५४ आज रात्री मी बारीक करतो, मावशींचा फोटो पहिला लावतो.