शब्दचर्चा: 'लाभार्थी' म्हणजे मागणारा की मिळालेला?

उंबरठा: लेकीच्या व्याकरणात 'विद्यार्थी'ची फोड आली. विद्या + अर्थी, म्हणजे विद्येची इच्छा धरणारा. तिचा प्रश्न: मग लाभार्थी म्हणजे लाभाची नुसती इच्छा धरणारा? त्याला तर लाभ मिळालेला असतो ना! मी गप्प.

पाटकरी: पोरगी बरोबर बोलतेय. परीक्षार्थी, शरणार्थी, सगळे मागणारेच. आमच्या पाटबंधाऱ्यात 'लाभधारक' म्हणतात. लाभक्षेत्रात, म्हणजे कालव्याचं पाणी पोचतं तिथे, जमीन असलेला, पाणीपट्टी भरणारा, आवर्तन म्हणजे पाण्याची पाळी चुकलं की शाखा अभियंत्याशी भांडायला जाणारा.

शिधापत्रिका: शब्द फोफावला तो धोरणामुळे. पूर्वी सरकार भावच दाबून धरायचं. रेशन, गॅस सगळ्यांनाच स्वस्त, मग लाभार्थी निवडायचा कशाला? १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर वारं फिरलं. १९९७ मध्ये रेशनला दारिद्र्यरेषा लागली, १९९९ पासून आपल्याकडे पिवळी, केशरी, पांढरी कार्डं आली. १ जानेवारी २०१५ पासून तर देशभर सिलिंडर बाजारभावाने घ्या आणि सबसिडी बँक खात्यात बघा, असं झालं. भाव बाजाराने ठरवावा, गरिबाची सोय वेगळी करावी, हा हिशोब मला पटतो. पण त्याला यादी लागते. यादीत नाव आहे तो लाभार्थी. ज्याचं राहिलं, त्याला काय म्हणायचं?

उंबरठा: वंचित!

पोथीवाला: जरा जपून. संस्कृतात वंचित म्हणजे फसवला गेलेला. वंचना म्हणजे फसवणूक. (यादीतून सुटलेल्याला हा अर्थही चालेल म्हणा.) 'अर्थी'चंही तसंच. अर्थिन् म्हणजे याचक खराच, पण धर्मशास्त्रात न्यायसभेत अर्थी म्हणजे वादी आणि प्रत्यर्थी म्हणजे प्रतिवादी. हात पसरणारा आणि दावा सांगणारा, दोघे एकाच शब्दात.

शिधापत्रिका: मग २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याला दुसरा अर्थ शोभतो, तिथे धान्य हक्काचं आहे. दुकानात मात्र पहिलाच चालतो. २०१७ च्या 'मी लाभार्थी' जाहिरातींतही मला आभारच ऐकू आले, दावा नाही.

उंबरठा: रोजगार हमीवरच्या माणसाला कुणी लाभार्थी म्हणत नाही, ते का?

पाटकरी: तो मजूर. राज्याचा कायदा १९७७ चा, नावातच 'हमी'. काम मागायचं, मिळालं नाही तर बेकारी भत्ता मागायचा. पोथीवाल्यांचा वादी तो हाच. पण त्याच योजनेतून सिंचन विहीर घेतली की ज्याच्या शेतात ती, तो कागदावर लाभार्थी. आणि त्या विहिरीवर त्याची आणि त्याच्याच घरच्यांची मजूर म्हणून हजेरी लागते. हजेरीपटावर मजूर, प्रस्तावात लाभार्थी; नाव एकच.