शालेय मुलांना पहिली खेळी कोणती शिकवावी: ई४ की डी४?

प्रश्न (जिल्हा परिषद शिक्षक, जिंतूर तालुका, जि. परभणी)

सहावी ते आठवीच्या अकरा मुलामुलींना मी शाळेत बुद्धिबळ शिकवतो. यांतील बहुतेकांनी हा खेळ घरी आजोबांकडून देशी पद्धतीने शिकला आहे. त्या पद्धतीत प्यादे सुरुवातीलाही एकच घर पुढे जाते आणि राजाला किल्लेकोटाऐवजी (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवून राजाला सुरक्षित करणे, म्हणजे कॅसलिंग) एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळते. ती सवय हातात इतकी मुरली आहे की पांढरी मोहरी मिळाली तरी मुले कडेचे प्यादे सरकवतात, किंवा ए४ (ए स्तंभातील प्यादे चौथ्या ओळीत; तसेच ई४ म्हणजे राजासमोरचे आणि डी४ म्हणजे वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे) खेळून हत्ती ए३वर आणतात. तोवर समोरच्याने ई५ खेळलेले असले, तर त्याचा उंट थेट येऊन हत्ती मारतो आणि उंटाच्या बदल्यात हत्ती जातो. पहिल्या खेळीचे २० पर्याय असतात, १६ प्याद्यांचे आणि ४ घोड्यांचे, हे मी फळ्यावर मांडून दाखवले. पण त्यामुळे मुले अधिकच गोंधळली. आठवड्याला दोनच तासिका मिळतात आणि तालुका स्पर्धेला दोन महिने उरले आहेत. एकच खेळी पक्की करून घ्यायची असेल तर ती कोणती असावी?

उत्तर १ (अंबाजोगाई)

गुरुजी, माझे मत निःसंशय ई४च्या बाजूने आहे. या एका खेळीने वजिराची आणि एफ१वरील उंटाची अशा दोन्ही वाटा मोकळ्या होतात. काळ्याने ई५ असे उत्तर दिले, तर घोडा एफ३, मग उंट सी४ आणि चौथ्या खेळीला किल्लेकोट, हा क्रम मुलांना एका तासिकेत समजतो. ज्या मुलांना किल्लेकोट ही गोष्टच नवी आहे, त्यांच्यासाठी हा लाभ मोठा आहे.

शिवाय ई४वरील प्याद्याला सुरुवातीला कोणाचाही आधार नसतो. ही उणीव मला शिकवण्याच्या दृष्टीने मोलाची वाटते, कारण आपले काय मारले जाऊ शकते हे मुलाला तिसऱ्या-चौथ्या खेळीपासूनच पाहावे लागते. एक पथ्य मात्र कडकपणे पाळायला लावावे: दुसऱ्याच खेळीला वजीर एच५वर नेऊन एफ७वर चार खेळ्यांत मात देण्याचा मोह त्यांना होऊ देऊ नये. समोरच्याने घोडा सी६, मग जी६ आणि घोडा एफ६ असे शांतपणे खेळले, की आपला वजीर मागे पळत राहतो आणि त्याची मोहरी मात्र बाहेर आलेली असतात.

उत्तर २ (लातूर)

मी आदरपूर्वक असहमत आहे. ई४नंतर काळा सी५, ई६, सी६ असे काहीही खेळू शकतो आणि दोन महिन्यांत इतक्या वाटा मुलांना दाखवणे शक्य नाही. डी४वरील प्याद्याला वजिराचा आधार आधीपासून असतो. त्यापुढे उंट एफ४, प्यादी ई३ आणि सी३, घोडे एफ३ आणि डी२ ही लंडन पद्धतीची मांडणी बहुतेक उत्तरांविरुद्ध उभी करता येते. माझ्याकडे शिकणारी मुले याच मांडणीमुळे पहिल्या दहा खेळ्यांत हरायची थांबली, आणि नवख्या खेळाडूसाठी हे यश लहान नाही.

उत्तर १चे लेखक पुन्हा

लातूरच्या सरांची अडचण खरी आहे. परंतु मांडणी पाठ झाली की मूल समोरची खेळी पाहणेच सोडते, हे मी वारंवार पाहिले आहे. उंट एफ४वर गेला की बी२चे प्यादे उघडे पडते. काळ्याने सी५ खेळून वजीर बी६वर आणला, तर पाठांतर करणारा मुलगा तरीही पुढची ठरलेली खेळी खेळतो आणि प्यादे गमावतो.

ई४च्या वाटाही वाटतात तितक्या अवघड नाहीत. काळा ई६ खेळो वा सी६, दोन्हींना डी४ हेच उत्तर द्यावे आणि त्याने डी५ केल्यावर प्याद्यांची अदलाबदल करावी. पट मोकळा होतो आणि मोहरी सहज बाहेर येतात. सी५ला मात्र घोडा एफ३ खेळून किल्लेकोटाकडे जावे, तेवढे या टप्प्यावर पुरे आहे. डी४ पुढच्या वर्षी शिकवता येईल. पांढऱ्याकडून जवळजवळ नेहमी ई४च खेळणाऱ्या बॉबी फिशर यांनीही १९७२च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत सहाव्या डावाची सुरुवात सी४ने केली आणि तो डाव जिंकला. पण तोवर ई४चा त्यांचा अभ्यास किती खोल झाला होता, हे ध्यानात घ्यावे.

प्रश्नकर्ते

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बी२च्या प्याद्याचा मुद्दा मी आज पटावर मांडून पाहिला आणि तो पूर्णपणे पटला. नऊ मुलांना ई४ शिकवायला सोमवारपासून सुरुवात करतो. आठवीतील दोन मुली आपणहून डी४ खेळतात आणि समोरची प्रत्येक खेळी नीट पाहून उत्तर देतात. त्यांची वाट मी बदलणार नाही, केवळ वजीर बी६वर आला तर बी२ कसे राखायचे, तेवढे त्यांच्याबरोबर बसून पाहीन.