पिकअपसाठी नवे टायर कोणते घ्यावेत?

दादा: सर्वांना नमस्कार. आपल्या पिकअपचे टायर बदलण्याची वेळ आली आहे. आज नक्षीची खोली मोजली, तेव्हा मागच्या दोन्ही टायरांवर साधारण अडीच मिलिमीटर नक्षी शिल्लक दिसली. पुढच्या उजव्या टायरची आतली कड मात्र दोन मिलिमीटरपर्यंत झिजली आहे. सध्याचे माप २६५/६५ आर १७ असून त्यापुढे ११२ एस असे लिहिले आहे. या वेळी एक पायरी मोठे, म्हणजे २६५/७० आर १७ मापाचे, जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठीचे टायर बसवावेत असा माझा विचार आहे. गाडी उंच होईल आणि कच्च्या रस्त्यावर अडणार नाही. गाडी घरातले सगळेच वापरतात, म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी प्रत्येकाने आपले मत कळवावे.

धाकटा: माझे पूर्ण अनुमोदन आहे. खरे तर मड-टेरेन, म्हणजे खास चिखलासाठीचेच घ्यावेत असे मी सुचवणार होतो. दिसायलाही ते दणकट असतात.

वहिनी: गाडी सर्वांत जास्त मी चालवते, म्हणून सांगते. बहुतेक फेऱ्या डांबरी रस्त्यावरच होतात, कच्चा रस्ता फक्त शेवटच्या टप्प्यात लागतो आणि तिथे चिखल क्वचित, पण टोकदार खडी कायम असते. माझी तक्रार वेगळीच आहे. हौदा रिकामा असताना ओल्या रस्त्यावर वळण घेतले की गाडीचा मागचा भाग बाजूला सरकतो. नव्या टायरांनी ते थांबणार नसेल, तर गाडी कशी दिसते याच्याशी मला काही देणेघेणे नाही.

आप्पा: सूनबाईंनी मुद्द्याला हात घातला आहे. नक्षी कोणती हा प्रश्न सर्वांत शेवटी यावा आणि गाडीवर भार किती पडतो हा सर्वांत आधी. आपण नेमके उलट्या टोकाने सुरू केले आहे. टायरवरच्या ११२ या आकड्याचा अर्थ असा, की ठरलेली हवा भरलेली असताना तो एक टायर ११२० किलो भार पेलतो. म्हणजे मागच्या आसाला दोन टायर मिळून २२४० किलो झाले. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतची मर्यादा. नवा टायर कोणत्याही कंपनीचा असो, हे दोन्ही आकडे आत्ता आहेत त्यापेक्षा खाली जाता कामा नयेत, कारण दुकानदार माप जुळवून देतो, परंतु भाराचा आकडा तो आपणहून वाचून दाखवीलच असे नाही. दादा, पुढच्या फेरीला पूर्ण माल भरलास की वजनकाट्यावर पुढची चाके बाहेर ठेवून केवळ मागच्या आसाचे वजन घे आणि ते दाराच्या खांबावर कंपनीने भाराची मर्यादा आणि हवेचे आकडे लिहून लावलेल्या पट्टीशी ताडून पाहा. ते समजल्याशिवाय जाड एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जड भारासाठीचे) टायर घ्यायचे की साधे, यावर बोलण्यात अर्थ नाही.

आता मोठ्या मापाविषयी. गणित सोपे आहे. रुंदी २६५ मिलिमीटर, तिच्या ६५ टक्के म्हणजे भिंतीची उंची. ती दुप्पट करून रिमचे १७ इंच मिळवले, की व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर येतो. सत्तरच्या मापाला तोच ८०३ होतो. हा वाढलेला व्यास दोन्ही बाजूंना वाटला जातो, त्यामुळे गाडी उचलली जाणार ती जेमतेम १३ मिलिमीटर. त्या बदल्यात काटा १०० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात आधीपेक्षा तीन-साडेतीन टक्के अधिक वेगाने पळत असेल, भरल्या गाडीला चढावर इंजिनाचा जोर कमी पडल्यासारखे वाटेल आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा भाराने स्प्रिंगचे पाटे दबल्यावर टायर मडगार्डला घासण्याची शक्यता राहील. शिवाय स्टेपनी जुन्याच मापाची उरेल. बोटभर उंचीसाठी एवढा खटाटोप मला पटत नाही.

धाकटा: उंचीचा मुद्दा मी सोडून देतो. पण मड-टेरेनला हरकत काय?

आप्पा: चिखलच नसेल, तर चिखलाचा टायर घेऊन काय करायचे? त्याचे ठोकळे एकमेकांपासून दूर असतात, त्यामुळे डांबरावर रबराचा स्पर्श कमी होतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक लांबतो, इंधन जास्त जाते आणि आवाज एवढा येतो की शेजारी बसलेल्याशी बोलताना आवाज चढवावा लागतो.

ताई: मी जालावर किमती पाहत असताना एका जागी फार मोठी सवलत दिसली. ते टायर घेतले तर चालतील का?

वहिनी: ताई, आधी त्यांच्यावरची तारीख विचारा. टायरच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे असतात. १५२४ लिहिले असेल, तर तो २०२४ सालच्या पंधराव्या आठवड्यात तयार झालेला असतो. काही टायरांवर पूर्ण ओळ एकाच बाजूला असते, म्हणून बसवण्यापूर्वी दोन्ही बाजू पाहाव्यात. वापर नसला तरी रबर कडक होत जाते. अनेक वाहन कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, मग त्यातली दोन-तीन वर्षे गोदामातच गेलेली असतील तर सवलत कसली?

दादा: आप्पा, काट्यावर जाऊन आलो. पूर्ण माल भरून मागच्या आसाचे वजन १४८० किलो भरले, तेही पट्टीवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत आहे. म्हणजे एलटीची गरज नाही असे मी धरतो.

आप्पा: बरोबर धरले आहेस. त्याच मापाच्या एलटी टायरचा आकडा १२० पर्यंत, म्हणजे १४०० किलोपर्यंत जातो, हे ऐकायला छान वाटते. मात्र तेवढा भार पेलण्यासाठी त्यात हवाही बरीच जास्त भरावी लागते, आणि साध्या टायरच्या हवेवर चालवला तर तो उलट कमी भार पेलतो. रिकाम्या गाडीत तो आदळतो ते वेगळेच. गाडी रोज मर्यादेच्या जवळ भरली जात असती किंवा मागे जड ट्रेलर ओढायचा असता, तर मी एलटीच घ्यायला लावले असते.

आता नक्षीकडे वळू. रस्ता डांबरी, शेवटी खडी आणि मुख्य तक्रार ओल्या वळणाची, हे पाहता डांबराकडे झुकलेली सौम्य ऑल-टेरेन नक्षी योग्य ठरेल. तिचे ठोकळे जवळजवळ असावेत, त्यांवर बारीक चिरा भरपूर असाव्यात आणि खाचांच्या तळाशी खडे अडकू न देणारे छोटे उंचवटे असावेत. शेवटचा खडीचा टप्पा नसता, तर साधा हायवे टायरच बरा असे मी म्हटले असते. मागचा भाग सरकतो त्याला नक्षीइतकेच दुसरेही कारण आहे: हौदा रिकामा असताना मागच्या चाकांवर फारसे वजन नसते, आणि नक्षी तीन मिलिमीटरच्या खाली गेली की पाणी बाहेर टाकण्याची तिची ताकद झपाट्याने घटते. कायद्याची १.६ मिलिमीटरची मर्यादा अनेक देशांत आहे, खाचांमधल्या आडव्या पट्ट्याही त्याच उंचीच्या असतात. पण पट्टी नक्षीला टेकेपर्यंत थांबणे ओल्या रस्त्यावर परवडत नाही.

ताई: खर्च विभागण्यासाठी आत्ता दोनच टायर घेतले तर? तेव्हा ते पुढे बसवायचे ना, पुढचेच जास्त झिजले आहेत?

आप्पा: दोनच घेतले तरी नवे मागे आणि त्यातल्या त्यात बरे पुढे. पुढची चाके घसरली तर स्टिअरिंगवरून कळते आणि वेग कमी करून सावरता येते. मागची घसरली तर गाडी फिरते. पण आपली गाडी चारही चाकांवर चालवण्याची सोय असलेली आहे, त्यामुळे पुढच्या-मागच्या व्यासांत फरक नको. चारही एकदम घ्यावेत, असे माझे मत आहे.

वहिनी: पुढच्या उजव्या टायरची फक्त आतलीच कड झिजली आहे, त्याचे काय? हवा कमी असती तर दोन्ही कडा झिजल्या असत्या, जास्त असती तर मधला भाग. हा दोष अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांच्या कोनांचा, किंवा सस्पेन्शनच्या सांध्यातल्या एखाद्या झिजलेल्या रबरी बुशचा दिसतो.

दादा: टायर बसवण्याच्या दिवशीच बुश आणि बॉल जॉइंट तपासून अलाइनमेंट करून घेतो, नाहीतर नव्या टायरचीही तीच गत होईल. तर दुकानात असे सांगतो: २६५/६५ आर १७, ११२ एस किंवा त्यावरचा, सौम्य ऑल-टेरेन, चारही एकाच नमुन्याचे आणि अलीकडच्या तारखेचे, नवे व्हॉल्व्ह आणि बॅलन्सिंगसह.

आप्पा: हवा दाराच्या पट्टीप्रमाणेच भरून घे; टायरच्या भिंतीवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांची हवा वेगळी दिली असेल, तर माल भरण्याआधी तेवढी वाढवायची. नट टॉर्क पान्याने आवळायला सांग आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपास.

ताई: स्टेपनीची तारीख कोणी पाहिली आहे का?

दादा: नाही. ती हौद्याखाली साखळीला टांगलेली आहे आणि फिरवण्याची दांडी गंजाने धरली आहे. दुकानातच तेल घालून खाली उतरवून घेतो.