थार जीपचा मागचा मडफ्लॅप (चाकामागची चिखल-खडे अडवणारी पट्टी) तुटलाय, कोणी मदत करेल का?

ए-५०३: नमस्कार सोसायटीतली मंडळी. काल वेल्ह्याकडे गेलो होतो. भातखाचरालगतच्या चिखलात रिव्हर्स घेताना मागचा डावा मडफ्लॅप चाकाखाली सापडला आणि मुळासकट निघाला. उजवा अर्धा फाटलाय. नवी जोडी घरीच बसवायचा विचार आहे. कोणाला अनुभव आहे का? तशी घाई नाही, पावसाळा सरल्यावर केलं तरी चालेल.

सी-२०१: दादा, घाई आहे. काल संध्याकाळी डोणजे फाट्यापासून मी स्कूटरवर तुमच्याच मागे होते. हेल्मेटच्या काचेवर सगळा राडा उडाला आणि एक खडा असा टणकन बसला की मी गाडी बाजूलाच घेतली. मागे लेक बसली होती.

ए-५०३: ताई, मनापासून माफी मागतो. मला पत्ताच नव्हता. फ्लॅप बसेपर्यंत गाडी बाहेर काढत नाही. लेक बरी आहे ना?

सी-२०१: बरी आहे. घाबरली होती जरा.

बी-१०२: अरे, मी सांगतो. पंचवीस वर्षं जीप वापरली आहे. आधी टायरची रुंदी मोज. तू जाड टायर टाकलेत, ते कंपनीच्या फ्लॅपच्या बाहेर डोकावतात. म्हणजे फ्लॅप शाबूत असता तरी बाहेरच्या कडेने खडे उडालेच असते. नवा फ्लॅप टायर पूर्ण झाकेल एवढा रुंद हवा.

ए-५०३: काका, कडक प्लॅस्टिकचा घेऊ की रबराचा?

बी-१०२: तू दगडाधोंड्यात जातोस, रबराचाच घे. प्लॅस्टिक तडकतं, रबर वाकून पुन्हा जागेवर येतं. पण नुसतं रबर बोल्टपाशी फाटतं. म्हणून फ्लॅपच्या वरच्या कडेला स्टीलची पट्टी लावायची, त्यातून बोल्ट घ्यायचे, मागे रुंद वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने सैल न होणारा). नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत हे सगळं मिळेल. बोल्ट स्टेनलेसचे माग.

डी-४०४: खाली किती लोंबता ठेवायचा? जितका खाली तितका खडा अडणार, बरोबर?

बी-१०२: रस्त्यावर बरोबर. पण थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाचं जमिनीपासूनचं अंतर, २२६ मिमी, आणि फ्लॅप त्याच्याही खाली गेला की चढ-उतारावर तोच आधी टेकणार. जमिनीपासून वीतभर वर ठेव. टायरपासूनही चार बोटं लांब. मागचा अॅक्सल, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा दांडा, अखंड आहे. एक चाक धोंड्यावर चढलं की ते वर सरकतं आणि तिरकं होतं. तेव्हा फ्लॅपला घासता कामा नये. सायलेन्सरच्या जवळही नको.

आणि तुझा फ्लॅप का निघाला ते नीट समजून घे. पुढे जाताना तो टेकला तरी चाकापासून लांब, मागे वाकतो, काही होत नाही. रिव्हर्समध्ये चाक त्यावर चढतं, तो जमिनीत दाबला जातो आणि गाडी त्याला ओढून काढते. खालच्या कोपऱ्यात एक भोक पाड. कच्च्या रस्त्यावर उतरलास की दोरीने वर बांधायचा, डांबरावर आलास की सोडायचा. सोडायला मात्र विसरू नकोस, नाहीतर मागच्याला पुन्हा तेच.

ए-५०३: जुने बोल्ट गंजून बसलेत.

बी-१०२: आज रात्रीच तारेच्या ब्रशने घासून गंज सोडवायचं तेल मार. उद्या दहाचा पाना लावून बघ. जोर करून मुंडी तोडू नकोस. नवं भोक शक्यतो पाडूच नको, आधीची वापर. पत्र्यात पाडावंच लागलं तर कडेला प्रायमर लावल्याशिवाय बोल्ट घालायचा नाही. गंज तिथूनच सुरू होतो. जुन्या फ्लॅपमागे चिखल साचला असेल, तोही आत हात घालून काढ.

ए-७०१ (सेक्रेटरी): चिखल पार्किंगमध्ये धुवायचा नाही, कृपया. मागच्या पावसात जाळी तुंबली होती. गाडी आधी बाहेरून धुवून आणा.

ए-५०३: हो सर, नक्की.

*रविवार*

ए-५०३: झालं. काका सकाळी आठपासून सोबत होते. जॅक लावून, पुढच्या चाकांना दगड टेकवून मागची दोन्ही चाकं एकेक करून काढली, म्हणून हात आतपर्यंत गेला. डाव्या बाजूचा एक बोल्ट शेवटी कापावाच लागला. पुढचे फ्लॅपही थोडे चिरलेले दिसले, तेही बदलले. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं, पुढे उजवीकडे कड घासत होती, तेवढी कापली.

बी-१०२: नंतर कालव्याच्या रस्त्याला त्याला साचलेल्या पाण्यातून न्यायला लावलं आणि मी दुचाकीवर मागे राहिलो. अंतर ठेवून. उडालेलं पाणी माझ्या गुडघ्याच्या वर आलं नाही, हेल्मेटच्या काचेवर एक थेंब नाही.

सी-२०१: काका, तुम्ही स्वतः मागे गेलात! दादा, धन्यवाद. लेकीला सांगते.

बी-१०२: ए-५०३, चाकं काढली होती, शंभरेक किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा आवळून घे.