चाचणी प्रश्नांची होती की आमची?

सातपूरचा_टर्नर
परवा एका सर्वेक्षण गटातल्या माणसाची पोस्ट ग्रुपवर फिरत होती. कारखान्यांतल्या ऊर्जा व्यवस्थापनावर त्यांनी नवे प्रश्न तयार केले, नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या काही युनिटांत तपासून पाहिले आणि निष्कर्ष काढला: "लघुउद्योजकांना ऊर्जा व्यवस्थापन म्हणजे काय हेच माहीत नाही." त्यातलं एक युनिट माझं. म्हणून हे लिहितोय.

आलेली मुलगी नम्र होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पहिला प्रश्न: "आस्थापनेत ऊर्जा व्यवस्थापक नियुक्त आहे का?" नाही म्हणालो. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानं ते पद बंधनकारक आहे ते सरकारनं नेमून दिलेल्या मोठ्या ग्राहकांना. चौदा माणसांच्या शॉपमध्ये कुठून आणू? दुसरा: "ऊर्जा वापराची मर्यादा वा उद्दिष्ट ठरवलं आहे का?" मी म्हणालो, हो, ६५ केव्हीए. मला वाटलं कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे वीज कंपनीशी ठरलेला कमाल भार, विचारतेय. तिनं 'हो'वर खूण केली आणि पान उलटलं. तिसरा: "प्रति नग वीजवापर किती वेळा तपासता?" माझ्याकडे एकाच महिन्यात दोनशे ग्रॅमचा बुश निघतो आणि बारा किलोचा फ्लँजही. हार्डनिंग बाहेर, प्लेटिंग बाहेर, म्हणजे ती वीज दुसऱ्याच्या मीटरवर. 'कधीच नाही'वर खूण.

आता मी काय करतो ते सांगतो. दर सोमवारी मशीन सुरू व्हायच्या आधी एकटा हवेचा कॉम्प्रेसर लावतो. हवा कुठेच वापरात नाही, तरी तो पुन्हा पुन्हा लोड घेत, म्हणजे हवा भरायला लागत, असेल तर गळती आहे. मोबाइलवर वेळ लावून बसतो. शॉपमध्ये शांतता असते, फुसफुस ऐकू येते. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडा दिसतो. तीन नंबरच्या मशीनमागचा पाइप असाच सापडला. सात बारच्या दाबाला तीन मिलिमीटरच्या भोकातून साधारण तीन किलोवॉट वाया जातात. हे व्यवस्थापन नाही? अख्ख्या प्रश्नावलीत याला जागा नव्हती.

प्रश्नांची_वही
दादा, मी त्या गटात नाही, पण हेच काम करते. राग समजला, पण सगळा मान्य नाही. ज्याचं त्याचं वेगळं लिहून घेतलं तर मोजणार काय? अमेरिकेत कारखान्यांच्या ऊर्जा वापराचं सर्वेक्षण १९८५ पासून होतंय, त्यातही ऊर्जा ऑडिट केलं का असे ठरीव प्रश्न असतातच. ठरीव प्रश्नाशिवाय दोन युनिटांची तुलना होत नाही. आणि 'उद्दिष्ट' म्हणजे काय हे तुम्हीही तिला विचारलं नाही.

सातपूरचा_टर्नर
मी का विचारायचं? प्रश्न तपासायला ती आली होती ना? मग उत्तर मिळाल्यावर "६५ म्हणजे कशाचे?" एवढंच विचारायचं होतं. तिथेच प्रश्न नापास झाला असता. त्यांनी मला नापास केलं.

सिन्नर_फाउंड्री
मी उलट बोलणार आहे, राग आला तर येऊ द्या. आपल्यातल्या बहुतेकांना बिलातला शेवटचा आकडा तेवढा पाठ असतो. मीही तसाच होतो. धातू वितळवणाऱ्या इंडक्शन फर्नेसला (विजेच्या भट्टीला) टनामागे ढोबळमानाने साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट लागतात, हे ऐकून होतो. माझे किती लागतात ते माहीत नव्हतं. मेल्टरला वही दिली: हीट, म्हणजे वितळवण्याची एक खेप, सुरू किती वाजता, मेटल ओतलं किती वाजता, मीटर रीडिंग. पंधरा दिवसांत कळलं की मोल्ड तयार नसल्यानं वितळलेलं मेटल झाकण उघडं टाकून ताटकळत ठेवलं जातंय. वीज फर्नेस खात नव्हती, मोल्डिंगचा उशीर खात होता. कानानं ऐकलेलं तुमच्यापाशीच राहतं. उद्या तुम्ही आजारी पडलात तर सोमवारी कोण ऐकणार? लिहिलं नाही तर व्यवस्थापन नाही, हे माझं मत.

जुना_वायरमन
लिहायचं तर कुठल्या एककात? वार्षिक उद्योग सर्वेक्षणाच्या फॉर्मवर खरेदी केलेली वीज किलोवॉट-तासात मागतात. एप्रिल २०२० पासून उच्चदाबवाल्यांना आणि लघुदाबात २० किलोवॉटच्या वरच्यांना बिल केव्हीएएचवर येतं; पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी कामी येणाऱ्या विजेचं प्रमाण, खराब असला की हा आकडा किलोवॉट-तासांपेक्षा मोठा येतो. अकाउंटंट बिलावरचा मोठा आकडा उचलून भरतो. असा आकडा वर पाठवून काय तपासणार?

अंबड_पावडरकोटिंग
केव्हीएएचचं नाव काढू नका. एकानं सांगितलं म्हणून पॉवर फॅक्टर सुधारायला फिक्स कपॅसिटर बसवला. दिवसा पॉवर फॅक्टर छान. रात्री ओव्हन बंद, कन्व्हेयर बंद, कपॅसिटर मात्र चालूच. लीडिंग गेलं, म्हणजे पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला बिघडला. बिल वाढलं आणि चार महिने मी ओव्हनच्या इन्सुलेशनवर संशय घेत बसलो.

जुना_वायरमन
चूक तुमचीच. लॅग आणि लीड, दोन्ही बाजूंचा बिघाड बिलात धरतात, हे पहिल्या बिलापासून माहीत हवं होतं. लोड बदलता असेल तर एपीएफसी पॅनल लागतं, ते लोडप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडतं-काढतं.

अंबड_पावडरकोटिंग
माहीत हवं होतं म्हणे! मी पावडर मारायची, वसुली करायची, की वीजशास्त्र शिकायचं? ज्यानं विकला त्यानं सांगायला नको? तीस वर्षं पॅनल उघडलेल्या माणसाला सोपं आहे बोलायला.

जुना_वायरमन
तीस नाही, चौतीस. आणि त्या चौतीस वर्षांत मी स्वतः दोन ठिकाणी फिक्स कपॅसिटर बसवलेत. तेव्हा पॉवर फॅक्टरला सवलत मिळायची, सगळे तेच करायचे. विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं, हे मान्य. आवाज चढवायची गरज नव्हती.

सिन्नर_फाउंड्री
मूळ विषयावर या. कपॅसिटरचा धागा वेगळा काढा.

प्रश्नांची_वही
वेगळा कशाला? रात्री मशीन बंद असताना मीटर काय दाखवतो, हे पाहणारं तुमच्याकडे कोणी आहे का, असा प्रश्न त्या यादीत असता तर अंबडच्या दादांचे चार महिने वाचले असते. दादा, 'उद्दिष्ट'वर तुमचं ऐकते. तिथे थांबायला हवं होतं, आणि चौदा माणसांच्या युनिटला ऊर्जा व्यवस्थापक विचारणं चूकच. पण प्रति नग प्रश्न मी सोडणार नाही. नग जमत नसेल तर मशीनच्या तासामागे विचारू.

सातपूरचा_टर्नर
मशीनच्या तासामागे चालेल. ती वही माझ्याकडे आहे, कोटेशनसाठी ठेवावीच लागते. सिन्नरवाल्यांचं लिहिण्याबद्दलचं अर्धं पटलं. कॉम्प्रेसरच्या वेळा आता मागच्या पानावर लिहीन. ताई, सोमवारी साडेसातला या. आठला मशीन सुरू होतात, मग काही ऐकू येत नाही.

जुना_वायरमन
आणि ताई, वीज विचाराल तिथे बिलावरच्या रकान्याचं नाव छापा.