कऱ्हाड आहे, पण शोधल्यावर सापडत नाही! (वाचनालयाची यादी गूगल शीटमध्ये)

कपाट_नंबर_सात (खानापूर तालुका, जि. बेळगाव)

नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या मराठी वाचनालयात मी सतरा वर्षं आहे. हुद्दा विचाराल तर सगळाच. दार उघडायचं, झाडायचं, देवघेव बघायची, थकलेली वर्गणी मागायची, आणि सकाळी ‘तरुण भारत’ आधी कुणी धरायचा यावरून दोन निवृत्त मास्तरांत होणारं भांडण मिटवायचं. पुस्तकं ६,४०० च्या आसपास. दाखल नोंदवह्या पाच.

गेल्या पावसाळ्यात कौल सरकलं आणि दुसऱ्या वहीवर रात्रभर पाणी ठिबकलं. वही शाईच्या टाकाने लिहिलेली, त्यामुळे पन्नासेक नोंदींचा नुसता निळा डाग उरलाय. मग कमिटीने ठरवलं की यादी कॉम्प्युटरवर घ्यायची. कमिटीतल्या एकाचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतो. तो गणपतीला आला, गूगल शीट उघडून दिली, तासभर शिकवलं आणि रात्रीच्या गाडीने गेला. मी त्याला पहिला प्रश्न विचारला होता, “माउस टेबलाच्या कडेला आला, आता पुढे कुठे नेऊ?” तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

आता सहा महिने झाले, २,१०० पुस्तकं चढवलीत. अर्धी मी मोबाइलवर बोलून घातली, अर्धी कॉलेजच्या एका मुलाने कॉम्प्युटरवर टाइप केली. बोलून घालणं झकास आहे, फक्त आपल्याकडची गावं त्याला कळत नाहीत. ‘गर्लगुंजी’ म्हटलं की ‘गर्ल’ इंग्रजीत लिहून मोकळा. लाईट गेली तरी मोबाइल चालतो, हा फायदा मोठा.

अडचण अशी. परवा एकजण कऱ्हाडवरचं पुस्तक मागायला आले. मी शोधच्या चौकटीत ‘कऱ्हाड’ टाकलं, तर काहीच नाही. पुस्तक तर मागे कपाटात डोळ्यासमोर! शीट खाली-खाली सरकवत गेले तर नोंदही आहे, अगदी ‘कऱ्हाड’ अशीच. दिसायला फरक शून्य. मग ‘दऱ्या’ शोधलं, ‘बिचाऱ्या’ शोधलं. काही सापडतात, काही नाहीत.

आणखी एक. त्या मुलाने दाखल क्रमांक मराठी आकड्यात घातलेत. क्रमाने लावायला गेलं की १, मग १०, मग १००, मग १००१, आणि २ कुठेतरी पार लांब. मास्तर मागून वाकून बघत विचारतात, “काय करूलीस गं, पुस्तकं हरवूलीस?”

आमच्याकडे तीनेकशे कन्नड पुस्तकंही आहेत, ती कशी लिहायची तेही सांगा. आणि कमिटीतले एकजण म्हणतायत की सगळं शीटमध्ये आलं की जुन्या वह्या रद्दीत घालू. त्यांना काय उत्तर देऊ?

चंदगडी

ताई, शीटचा नाद सोडा, कोहा घाला, म्हणजे वाचनालयाचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, न्यूझीलंडमधल्या एका वाचनालयासाठी बनवलं आणि २००० च्या जानेवारीपासून चालू आहे. तिथल्या माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. सभासद, देवघेव, दंड, बारकोड, सगळं एका जागी. आमच्या कॉलेजात मी रोज वापरतो.

शून्य_रुंदी (मूळ निपाणी, सध्या बेंगळूरु)

चंदगडी, कोहा उत्तमच, पण त्याला लिनक्सचा सर्व्हर लागतो, आणि तो बिघडला की उठवणारा माणूस लागतो. पुण्याचा पोरगा वर्षातून एकदा गणपतीला येतो. काकू, तुम्ही तूर्त शीटवरच राहा. एका शीटमध्ये एक कोटी चौकटी मावतात. तुमची ६,४०० पुस्तकं त्यात कोपऱ्यात बसतील.

आता कऱ्हाड. चूक तुमची नाही. हा मुंडी मुरडलेला र कॉम्प्युटरला दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे मराठीचा स्वतंत्र ‘ऱ’ आणि त्याला हलंत. दुसरी म्हणजे साधा ‘र’, हलंत, आणि त्यामागे डोळ्याला न दिसणारा एक जोडणारा वर्ण. तिसरी, साधा ‘र’ आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब. पडद्यावर सगळे सारखे, पण शोधणारा आकार बघत नाही, आतले नंबर जुळवतो. तुमच्या मोबाइलने एक तऱ्हा वापरली असणार, त्या मुलाच्या कीबोर्डने दुसरी.

खात्री करायची तर शेजारच्या रिकाम्या चौकटीत ‘लेन’ हे सूत्र लावा, ते अक्षरं मोजतं. स्वतंत्र ऱ वाला ‘कऱ्हाड’ ६ भरेल, बाकीचे ७. मग ‘सब्स्टिट्यूट’ सूत्राने वर्ण २३५२ (र), २३८१ (हलंत), ८२०५ (तो न दिसणारा) ही तिकडी काढून तिथे २३५३ (ऱ), २३८१ ही जोडी घाला. नुक्तावाल्यात २३५२ आणि २३६४ (नुक्ता) असतात, त्या दोहोंच्या जागी एकटा २३५३. सूत्र लिहून व्यक्तिगत निरोपात पाठवतो, तुम्ही फक्त चिकटवा. आधी शीटची प्रत काढून ठेवा हं, आणि काम प्रतीवरच करा.

आकड्यांचं सोपं आहे. देवनागरी अंक तुमच्या शीटला अक्षरं वाटतात, म्हणून ती बाराखडीसारखी लावते. दाखल क्रमांकाचा रकाना इंग्रजी आकड्यात करून घ्या. मराठीचा अपमान वगैरे काही होत नाही.

आणि कुणी श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टातली यादी आणून दिली तर ती तशीच चिकटवू नका. त्यात आत इंग्रजी अक्षरं असतात, वर नुसता मराठी मुखवटा. नुडी या कन्नड फॉन्टातल्या जुन्या याद्यांचंही तेच. आधी युनिकोड करून घ्यायची, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे तोच नंबर मिळतो.

निवृत्त_ग्रंथपाल (टिळकवाडी)

वह्या रद्दीत? त्या सदस्यांना माझ्याकडे पाठवा.

बाई, दाखल नोंदवही ही नुसती यादी नव्हे. पुस्तक कधी आलं, विकत आलं की देणगीत, कुणी दिलं, किंमत काय, कधी निर्लेखित झालं (म्हणजे यादीतून काढलं), सगळं त्या एका ओळीत असतं. हिशेब तपासायला येणारा तीच मागतो. शीटमध्ये कुणीही कुठलीही ओळ पुसू शकतो. वहीत खाडाखोड लपत नाही. पाचही वह्यांचे पानापानाचे फोटो काढा, उजेडात, पान सपाट करून, आणि मूळ वह्या सुती कापडात बांधून वरच्या फळीवर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, दमट होतात.

कन्नड पुस्तकाचं नाव कन्नड लिपीतच लिहा, शेजारी ‘उच्चार’ असा रकाना करून तेच देवनागरीत. मराठी माणूस शोधेल त्याला सापडेल, कन्नड शाळेतलं पोर शोधेल त्यालाही. वर्गांक घालत असाल तर ड्यूईत (पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची पद्धत) मराठी साहित्य ८९१.४६, कन्नड ८९४.८१४. आपल्या गल्लीत दोन्ही भिंतीला भिंत लावून राहतात, ड्यूईने मात्र मध्ये बरंच अंतर ठेवलंय.

पुसलेल्या पन्नास नोंदींसाठी कपाटाकडे जा. पुस्तकाच्या मुखपृष्ठामागे शिक्का असतो, त्यात दाखल क्रमांक लिहिलेला असतो. उलटीकडून वही भरता येते.

चंदगडी

बरं, शीट तर शीट. पण रकाने आधी नीट पाडा. लेखकाचं आडनाव वेगळं, नाव वेगळं. उद्या कोहात न्यायचं झालं तर कामाला येईल. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय नंबर, असेल तर तोही घ्या, २००७ पासून तो तेरा आकडी झालाय. मात्र परदेशी सूचीतून माहिती आपोआप ओढायला जाऊ नका. मराठी नाव रोमन लिपीत, अक्षरांखाली टिंबं लागून येतं, आणि मास्तर पुन्हा हसतील.

कपाट_नंबर_सात

सगळ्यांचे आभार. काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा शून्य_रुंदींचं सूत्र चिकटवलं. (वाचकाला गिऱ्हाईक म्हणायची आमची जुनी सवय.) २१२ ओळी बदलल्या. ‘कऱ्हाड’ टाकलं तर तीन आली, आणि तिसरी बघून कपाळाला हात लावला. तेच पुस्तक, तोच दाखल क्रमांक, एकदा मी चढवलेलं आणि एकदा त्या मुलाने. त्यालाही माझं सापडलं नसणार, म्हणून त्याने पुन्हा घातलं. अशी जोडपी आणखी किती असतील ते आता शोधायचंय.

टिळकवाडीच्या सरांचं शिक्क्याचं म्हणणं बरोबर निघालं. पुसलेल्यांपैकी ३१ पुस्तकं मिळाली. सहा कसरीने खाल्लेली आहेत, शिक्का वाचता येत नाही. एक मास्तरांच्या घरी आहे, अकरा वर्षांपासून. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “शीटमध्ये माझं नाव दिसूलंय काय?”

दिसतंय म्हटलं. आज सकाळी पिशवीत घालून आणून दिलं, आणि पेपरसाठी भांडायला बसले.